घास उतरावा म्हणून

आपल्याकडे घरात कुणी आजारी पडले की त्याच्या ताटातून एकेक पदार्थ काढून घेण्यास सुरुवात होते. तेल-तूप बंद होते, कडधान्ये वातूळ म्हणून जातात, तीळ, पपई आणि अंडी उष्ण म्हणून वर्ज्य ठरतात, दही थंड म्हणून टळते, आणि अखेरीस ताटात पेज, मऊ भात, वरणाचे वरचे पाणी आणि साबुदाण्याची खीर एवढेच उरते. दोन-चार दिवसांच्या तापात अशा जेवणाने काही बिघडत नाही, उलट पोटाला विसावा मिळतो. कर्करोगाचे उपचार मात्र महिनोन्महिने चालतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांतून उठताना शरीराला जखमा भरायच्या असतात आणि रक्तातल्या पेशी पुन्हा घडवायच्या असतात, आणि नेमक्या त्याच काळात आपण मायेपोटी त्या माणसाला जवळजवळ उपाशी ठेवतो. कर्करुग्णांसोबत काम करणाऱ्या आहारतज्ज्ञांचे निम्मे काम या मायेची दिशा वळवण्याचे असते, असे मला त्यांना जवळून पाहिल्यापासून वाटते.

माझ्या धाकट्या काकांना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग झाला, तेव्हा हे पाहण्याचा प्रसंग आला. सातारा जिल्ह्यातले शेतकरी घर, काकांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि तरुणपणी लागलेली तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू-चुन्याची चंची खेड्यापाड्यांत अजूनही खिशात असते आणि सकाळी मिश्री लावणाऱ्या बायकाही कमी नाहीत. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका आढळतो त्याचे मोठे कारण हेच आहे. या रोगाचा पहिला घाव जेवणावर पडतो. निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून तिखट झोंबू लागते, भाकरी चावताना गाल दुखतो, तोंड पुरेसे उघडत नाही, आणि माणूस कुणाला काही न सांगता हळूहळू मऊ आणि पातळ पदार्थांकडे वळतो. काकांचे वजन पूर्वी ५८ किलो होते. रुग्णालयात पहिल्यांदा वजनकाट्यावर उभे राहिले तेव्हा ते ५२ भरले.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी हा आकडा पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हे वजन किती काळात उतरले याचा. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटणे हे कर्करोगातील क्षयाचे, म्हणजे शरीर झिजत जाण्याचे, लक्षण मानावे, असे २०११ साली या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवले आहे, आणि काकांची घट १० टक्क्यांच्या वर गेली होती. त्यानंतरचे प्रश्न मी अपेक्षिले नव्हते. एक जेवण संपायला किती वेळ लागतो, गोळी गिळताना पाणी नाकातून येते का, दाढा शाबूत आहेत का, घरी स्वयंपाक कोण करते, म्हैस आहे का, दूध डेअरीला जाते की घरात राहते, आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसता की वेगळे. त्यांनी काकांना स्वतःची बोटे उभी करून तोंडात घालून पाहायला सांगितले. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटे जातात, काकांच्या दीडच गेली. शेवटच्या प्रश्नावर काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, घास तोंडातच फिरतो, बाहेर सांडतो. पोरांसमोर नको वाटतं.” हे त्यांनी काकूलाही सांगितले नव्हते. ते वेगळे का जेवतात याचा घरात प्रत्येकाने आपापल्या परीने अर्थ लावला होता, आणि खरे कारण एका परक्या बाईंनी विचारले म्हणून बाहेर आले.

मग त्यांनी हिशेब मांडला. कर्करुग्णाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण २५ ते ३० कॅलरी आणि किमान १ ग्रॅम, शक्यतो दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत, असे युरोपातील वैद्यकीय पोषणाच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि भारतातील आहारतज्ज्ञही सर्वसाधारणपणे याच आकड्यांपासून सुरुवात करतात. काकांचे गमावलेले वजन लक्षात घेऊन बाईंनी दिवसाला सुमारे १,७०० कॅलरी आणि ७० ते ८० ग्रॅम प्रथिने असे उद्दिष्ट ठेवले. प्रथिने म्हटल्यावर कुणीही अंड्यांचे नाव काढले असते. बाईंनी माळ आधीच पाहिली होती आणि अंड्याचा विषयही काढला नाही. लिटरभर दुधातून, मग ते दूध, दही किंवा ताक कोणत्याही रूपात पोटात जावो, ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. १०० ग्रॅम पनीर कुस्करून, त्यातून १८. दोन मुठी मूगडाळ, तिच्यातून १४. आणि मूठभर शेंगदाण्यांचे बारीक कूट, त्यातून ७. एवढ्यावर ७० चा आकडा पार झाला, धान्यातले वेगळेच. शेतकऱ्याच्या घरात यातले पनीर सोडले तर विकत आणायचे काही नव्हते, आणि पनीरही फाटलेल्या दुधातून घरी होते. त्याच वेळी त्यांनी काकूला हेही दाखवून दिले की काका दिवसभरात जे घेत होते, म्हणजे पेज, डाळीचे पाणी, साबुदाणा आणि डाळिंबाचा रस, त्यात प्रथिने जेमतेम होती. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि वरणाचे पाणी काढून दिले तर डाळीतले सत्त्व तळाशी आपल्या वाटीत राहते. हे सांगताना त्यांच्या आवाजात दोष देण्याचा सूर जराही नव्हता, आणि काकूने पुढे सहा महिने त्यांचा प्रत्येक शब्द पाळला त्याचे कारण मला तेच वाटते.

इथे एक गोष्ट समजून घेणे गरजेचे आहे, कारण ती न समजल्यामुळे अनेक घरांत रुग्णावर अन्याय होतो. निव्वळ उपासमारीत शरीर आधी चरबी वापरते आणि स्नायू शक्य तितके जपते. कर्करोगातील क्षयात, ज्याला कॅकेक्सिया म्हणतात, गाठीमुळे आणि तिच्याविरुद्ध शरीरात उठलेल्या दाहामुळे काही रसायने रक्तात फिरू लागतात. ती भूक मारतात आणि त्याच वेळी स्नायूंतील प्रथिने मोडायला लावतात. घराचे वासे उपसून चूल पेटवावी तसा हा प्रकार असतो. म्हणून असा रुग्ण नीट जेवला तरी ते अंगी लागत नाही, आणि घरच्यांना वाटते की तो मनापासून खात नाही, हट्ट करतो, हिंमत हरला आहे. क्षय पुढच्या टप्प्यावर गेला की नुसत्या आहाराने तो पूर्णपणे उलटवता येत नाही. म्हणून आहारतज्ज्ञाची गाठ निदानाच्या वेळीच पडायला हवी. माणूस हाडांचा सापळा झाल्यावर ‘आता जरा डाएटचं विचारून या’ असे सांगितले जाते तेव्हा ज्या काळात काही करता आले असते तो काळ हातातून गेलेला असतो. याबाबत माझे मत ठाम आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगते.

या कामाचा उपयोग खरोखर किती होतो, असा प्रश्न कुणीही विचारावा आणि त्याला उत्तर आहे. पोर्तुगालमधील लिस्बन येथे पाउला राव्हास्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १११ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला आहारतज्ज्ञाने प्रत्येकाच्या सवयी पाहून नेहमीच्याच अन्नातून आहार आखून दिला, दुसऱ्याला नेहमीच्या जेवणाबरोबर प्रथिनांचे तयार पेय दिले, आणि तिसरा गट आपल्या मनाप्रमाणे जेवत राहिला. उपचार चालू असताना पहिल्या दोन्ही गटांत प्रथिने वाढली, परंतु उपचार संपल्यानंतर तीन महिन्यांनी ज्यांचे पोषण टिकून होते तो गट आहारतज्ज्ञाकडे बसून बोललेल्यांचा होता. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. महागड्या पावडरीचे डबे घेऊन बिल भरण्याच्या रांगेत उभे असलेले नातेवाईक पाहिले की मला ते आठवते. पावडर वाईट असते असे नाही, गिळता न येणाऱ्याला तिचा मोठा आधार असतो. पण डब्यातले दोन चमचे पाण्यात ढवळून देणे आणि त्या माणसाच्या पोटात अन्न जावे यासाठी त्याचा अख्खा दिवस मांडून देणे यांत फार अंतर आहे.

काकांच्या शस्त्रक्रियेत गालाचा आणि जबड्याचा काही भाग काढला आणि नाकातून पोटात नळी घातली. ही नळी रायल्स ट्यूब या नावाने ओळखली जाते. ती पाहून काकू रडली, कारण नळी म्हणजे शेवट, अशी आपल्याकडे समजूत आहे. बाईंनी तिला शेजारी बसवून सांगितले की जखम भरेपर्यंत अन्न तोंडाला वळसा घालून जाणार आहे, एवढाच याचा अर्थ. त्यांची आखणी साधी होती: एका मिलिलिटरला साधारण एक कॅलरी पडेल एवढे दाट मिश्रण, एका वेळी २५० मिलिलिटर, दिवसातून सात वेळा. मूगडाळ-तांदळाची भाजून दळलेली खिमट, दूध, दुधाची पावडर, साखर, तेल, आणि सगळे मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळलेले, कारण एक कण अडकला तरी नळी बंद पडते. देताना माणूस उठून बसलेला हवा आणि नंतरही निदान अर्धा तास बसूनच राहायला हवा, नाहीतर अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. आधी आणि नंतर पाणी सोडून नळी धुवायची. गोळ्या पूर्ण कुटून, एकेक वेगळी, आणि कोणती गोळी कुटायची नाही हे विचारून. केलेले मिश्रण उन्हाळ्यात बाहेर ठेवायचे नाही. हात, भांडी आणि सिरिंज यांची स्वच्छता तर त्यांनी इतक्या वेळा सांगितली की चुलत भाऊ ती पाठ म्हणून दाखवू लागला. आठवड्याभरात काकू हे सगळे नर्सच्या सफाईने करू लागली. तिच्या हातून नवऱ्याच्या पोटात अन्न जाते आहे हे तिला कळले, आणि तिचे रडणे थांबले.

किरणोपचार सहा आठवडे चालले. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंडाचा आतला पापुद्रा सोलवटतो, लाळ घट्ट होते आणि मग आटते, चव जाते किंवा सगळ्याला लोखंडासारखी चव येते. आहारतज्ज्ञाचा सल्ला या काळात दर आठवड्याला बदलत जातो, आणि छापील तक्ता इथे कुचकामी ठरतो. आंबट आणि तिखट बंद, मीठही बेताचे. पदार्थ कोमट किंवा गार, गरम कधीच नाही. पिठले लसूण-मिरचीशिवाय, पातळ, वरून तूप सोडलेले, नाचणीचे सत्त्व दुधात, दही-भात पचपचीत कालवून, केळ्याची शिकरण, भाकरी दुधात कुस्करून, पुढे तीही जाईना तेव्हा मिक्सरमधून. वेदनाशामक औषध जेवणाच्या आधी अर्धा तास घ्यावे, म्हणजे घास गिळताना त्याचा उपयोग होतो, हे डॉक्टरांशी बोलून ठरवून दिले तेही त्यांनीच. मिठाच्या आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ भरायची. वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर. एका आठवड्यात दीड किलो उतरले तेव्हा त्यांनी लगेच डॉक्टरांना कळवले. किरणोपचारासाठी चेहऱ्यावर बसवलेला मुखवटा वजन घटले की सैल होतो आणि नेम चुकू शकतो, आणि मध्ये खंड पडला की उपचाराची परिणामकारकता घटते. आहाराचा संबंध ताकदीशी असतो एवढेच तोवर मला माहीत होते. जेवणाच्या वाटीचा आणि किरणांच्या नेमाचा एवढा थेट संबंध असेल याची कल्पना नव्हती.

त्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावर बसून मी इतरांचेही सल्ले ऐकत असे, आणि एकाचे पथ्य दुसऱ्याला कसे चालत नाही ते कळत गेले. आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध चालू असलेल्या रुग्णाला फ्रिजमधले पाणीही पिऊ नका असे सांगितले जात होते, कारण त्या औषधानंतर गार वस्तूने घशात आणि बोटांत टोचल्यासारखे होते आणि माणूस श्वास अडकल्याच्या भावनेने घाबरतो. तर तोंड आलेल्या आमच्या काकांना गार ताकच सुखाचे होते. जठर काढलेल्या एका गृहस्थांना दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खायला, जेवताना पाणी न प्यायला आणि बी-१२ ची इंजेक्शने न चुकवायला सांगत. स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्यांना पाचक विकरांच्या कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यायला लागतात, जेवण संपल्यावर घेतल्या तर अन्न तसेच निघून जाते. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या कितीतरी बायकांचे वजन वाढते, आणि तिथे सल्ल्याची दिशाच पालटते.

अन्ननलिकेच्या कर्करोगाने कित्येक दिवस पाण्याच्या घोटावर असलेले रुग्ण येतात, त्यांचे नातेवाईक नळी पडल्या पडल्या सगळी भूक भरून काढायला अधीर असतात, आणि तिथे आहारतज्ज्ञ त्यांना थांबवतात. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न गेले तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतात आणि हृदय बंद पडण्याइतका धोका संभवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उपासमारीतून सुटलेल्या लोकांमध्ये डॉक्टरांनी हे प्रथम नीट पाहिले. म्हणून अशा रुग्णाला किलोमागे १० कॅलरींच्या आसपास सुरुवात करतात, आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात, रक्ततपासणी रोज करतात, आणि मग आहार पायरीपायरीने वाढवतात. वाढायचे कधी आणि आवरायचे कधी हे ओळखणे हे त्यांच्या शिक्षणाचे फळ आहे.

आता त्या सल्ल्यांविषयी, जे रुग्णालयाबाहेर मिळतात. काकांच्या निदानाची बातमी गावात पसरली आणि फोनवर संदेशांचा ओघ सुरू झाला. साखरेने गाठ वाढते म्हणून गोड पूर्ण बंद करा, दूध बंद करा, गव्हांकुरांचा रस द्या, कारल्याचा रस द्या, रक्त अल्कधर्मी करा. साखरेच्या सांगण्यामागे खऱ्याचा एक धागा आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात वापरतात, आणि आजची पेट स्कॅन तपासणी याच गुणधर्मावर चालते. परंतु ताटातली साखर काढल्याने रक्तातले ग्लुकोज थांबत नाही. खाण्यातून मिळाले नाही तर यकृत ते स्नायूंच्या प्रथिनांतून बनवते, म्हणजे गाठीला मिळायचे ते मिळतेच आणि माणूस मात्र आणखी वाळतो. मधुमेह असेल किंवा स्टिरॉइडमुळे साखर वाढत असेल तर तिची काळजी वेगळी घ्यावी लागते, ती घेतलीही जाते. रक्ताची आम्लता, म्हणजे पीएच, ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसे आणि मूत्रपिंडे राखतात, कोणत्याही अल्कधर्मी पाण्याने ती हलत नाही.

काढ्यांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. केमोथेरपी चालू असताना यकृताचे आकडे वाढले तर पुढचा डोस लांबतो, आणि कारण कुणालाच सापडत नाही, कारण घरी चाललेल्या काढ्याविषयी कुणी डॉक्टरांना सांगितलेले नसते. बाई हे विचारत तेव्हा त्यांची पद्धत मला फार आवडे. “काढा घेता का?” असे त्या विचारत नसत, कारण त्याला ‘नाही’ हेच उत्तर येते. “घरी प्रेमाने कोण काय काय देतं?” असे विचारत, आणि मग पिशवीतून बाटल्या निघत. रोजच्या स्वयंपाकातली हळद, आले, जिरे यांना त्यांची हरकत नव्हती. अर्क आणि कॅप्सूल यांना होती. एकादशीच्या उपवासालाही त्यांनी मोडता घातला नाही. काकांना सांगितले की उपवास करा, पण राजगिऱ्याची खीर, दही, दूध आणि शेंगदाण्याची आमटी घ्या, साबुदाण्यावर राहू नका. राजगिऱ्यात तांदळाच्या जवळपास दुप्पट प्रथिने असतात. काकांचे व्रत मोडले नाही आणि त्या दिवसाचा हिशेबही जुळला.

काकांना घर होते, चूल होती, म्हैस होती. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरातून जाताना ज्यांच्याजवळ यातले काही नाही असे लोक दिसतात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून माणसे येतात. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळला नाना पालकर स्मृती समितीच्या वास्तूत जागा मिळते, तर काही पदपथावर राहून उपचार पूर्ण करतात आणि दानशूरांनी वाटलेले अन्न खातात. वाटपाचे जेवण तिखट-मसालेदार असले तर तोंड सोललेल्या माणसाच्या ते उपयोगाचे नसते. अशा माणसाला आहारतज्ज्ञ काय सांगणार, असा प्रश्न मला पडत असे. सांगतात ते असे की पिशवीतले दूध, केळी, भाजलेल्या डाळ्याचे पीठ किंवा सातू, साखर आणि उकळून थंड केलेले पाणी एवढ्यावर दिवसाची बरीच भरपाई करता येते. उघड्यावरची कापलेली फळे आणि बर्फ टाळा. वाटपातला भात मिळाला तर त्यात दूध किंवा ताक कालवा. भूक आणि दारिद्र्य यांच्यासमोर हे उत्तर अपुरे आहे, पण ते त्या माणसाच्या हातात असलेल्या वस्तूंपासून सुरू होते.

मुलांच्या बाबतीत मुंबईत या दिशेने मनापासून काम झाले आहे. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून उपचारासाठी गाव सोडून आलेल्या मुलांना आणि पालकांना राहायला जागा देते आणि आईला स्वतः शिजवता येईल असे स्वयंपाकघर देते, आणि कडल्स फाउंडेशन सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत कर्करुग्ण मुलांसाठी आहारतज्ज्ञ नेमते. लहान मुलांत नुसते वजन फसवे ठरते, कारण पोटातल्या मोठ्या गाठीचेही वजन काट्यावर पडते; म्हणून दंडाचा घेर मोजतात, गोंडस दिसणाऱ्या मुलाचा दंड काडीसारखा निघतो आणि मग खरी परिस्थिती कळते. बिहारहून आलेल्या आईला भाकरी-पिठले सांगून उपयोग नाही, तिला सत्तू आणि खिचडी सांगावी लागते. तेव्हा या पेशात वैद्यकशास्त्राइतकीच स्वयंपाकघरांची माहिती लागते.

माझ्या मावशीच्या आजारात मी या कामाची दुसरी बाजू पाहिली. तिचा आजार पसरलेला होता आणि उपचार थांबले होते. घरातला प्रत्येक जण चमचा घेऊन तिच्यामागे असे, आणि ती तोंड मिटून घेई. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून सांगितले की शेवटच्या आठवड्यांत भूक मावळते ती शरीर मिटत चालल्यामुळे. जेवत नाही म्हणून ती जात नाही. कॅलरी मोजणे बंद करा, वजन करू नका, तिला हवे ते, हवे तेव्हा, चमचाभर द्या, नको म्हणाली की थांबा, ओठ आणि जीभ ओली ठेवा. मावशीने अमृतकोकम मागितले. काही आठवडे किंवा महिने हाताशी असणाऱ्या रुग्णांची भूक औषधानेही थोडी वाढवता येते. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत ओलान्झापिन हे मनोविकारांवरचे जुने औषध रोज अवघे २.५ मिलिग्रॅम देऊन केलेल्या चाचणीत भूक आणि वजन सुधारल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. मावशी त्या टप्प्याच्या पुढे गेली होती. बाईंच्या त्या बोलण्याने आमच्या हातातला चमचा खाली आला आणि तिच्याजवळ नुसते बसता येऊ लागले. ही परवानगी कुणीतरी अधिकाराने द्यावी लागते, घरच्यांना ती स्वतःला देता येत नाही.

अशी माणसे आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहेत. मोठ्या शहरांतील कर्करोग रुग्णालयांत ती भेटतात. तालुक्याच्या गावी केमोथेरपी मिळू लागली तरी तिथे शेजारी आहारतज्ज्ञ बसलेला असेलच असे नाही, आणि वजन घटवून देण्याची जाहिरात करणाऱ्यांकडून हे काम होत नाही. आहारतज्ज्ञांची भारतीय संघटना १९६३ पासून आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या पेशाला इतर आरोग्य व्यावसायिकांबरोबर नोंदणीच्या चौकटीत आणले आहे. तेव्हा ज्यांच्याकडे जायचे त्यांचे शिक्षण, नोंदणी आणि कर्करुग्णांसोबतचा अनुभव विचारण्याचा संकोच करू नये.

ज्यांच्या घरात नुकतेच निदान झाले आहे त्यांनी उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडे आहारतज्ज्ञांच्या भेटीसाठी चिठ्ठी मागावी. जाताना सहा महिन्यांपूर्वीचे वजन आठवून न्यावे. कागद नसेल तर जुना फोटो किंवा सैल झालेला सदराही चालतो. तीन दिवसांत प्रत्यक्ष पोटात गेलेले सगळे, चहाच्या कपासह, कागदावर लिहून न्यावे, आणि ताटात वाढलेले लिहू नये. घरी चाललेल्या सगळ्या गोळ्या, पावडरी, काढे आणि बाटल्या एका पिशवीत घालून न्याव्यात. उपवासाचे वार, न चालणारे पदार्थ, दुधाने पोट बिघडते का, महिन्याचा खर्च किती झेपेल, हे आधीच स्पष्ट सांगावे. आणि घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला बाहेरच्या बाकावर न बसवता आत सोबत न्यावे, कारण तिथे ठरलेला प्रत्येक घास तिलाच शिजवायचा असतो.